अट म्हणून नको, प्रेमाखातर चालेल: गलतीकरांस पत्र आणि आपलं स्वातंत्र्य

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. लग्नानंतर काही वर्षांनी तुम्ही बायबल वाचत वाचत प्रभूवर विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला. माहेर आणि सासर दोन्ही हिंदू. नवऱ्याची आडकाठी नाही. ज्या सहभागितेत (प्रार्थनागटात) जाता तिथे सांगितलं जातं की मंगळसूत्र आणि टिकली काढली नाही, शुक्रवारचा उपास पाळला नाही, दशांश (कमाईचा दहावा भाग) पुरा दिला नाही, तर आशीर्वाद अडतो. मुलाचा दमा बरा होत नाही तोही त्यामुळेच, असंही एकदा कानावर आलं. तिकडे आई म्हणते, "तू आता आमची राहिली नाहीस." एखादा उपास चुकला की देव तोंड फिरवून बसलाय असं तुम्हाला दोन-दोन दिवस वाटत राहतं. आणि बायबलमधल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तर लिहिलंय की ख्रिस्ताने आपल्याला स्वतंत्र केलं. म्हणून तुम्ही विचारता: स्वतंत्र कशापासून? आणि मी आता आहे तरी कोण?

आधी सरळ उत्तर देतो. देवाने आपल्याला पदरात घ्यावं म्हणून काहीतरी करून दाखवत राहण्याच्या धडपडीतून तुम्ही सुटला आहात. तुम्ही देवाची मुलगी आहात, आणि हे तुमच्या पहिल्या उपासाच्या, पहिल्या दशांशाच्या आधीच ठरलं आहे, कारण ते येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेल्या कामावर ठरलं आहे. त्यावर आणखी एखादी गोष्ट कोणी अट म्हणून घातली, तर तिला नाही म्हणायचं. तीच गोष्ट कोणाच्या भल्यासाठी आपणहून करावीशी वाटली, तर खुशाल करायची. बरीच वर्षं मंडळ्यांमधून (चर्चमधून) हे पत्र शिकवत आलोय. माणसं जिथे अडकतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते, अट आणि प्रेम यांतला फरक.

आता पत्राकडे येऊ. गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या मधल्या भागातला रोमी प्रांत. इसवी सनापूर्वी २५ मध्ये रोमी सम्राट औगुस्त कैसराने (ऑगस्टसने) तो साम्राज्याला जोडला. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा पहिल्या सुवार्ताफेरीत ज्या गावांतून हिंडले, पिसिदियातलं अंत्युखिया, इकुन्या, लुस्त्र, दर्बे, ती याच प्रांताच्या दक्षिण भागात येतात. अभ्यासक हे पत्र साधारण इसवी सन ४८ ते ५५ च्या दरम्यानचं मानतात, म्हणजे नव्या करारातल्या सर्वात जुन्या लिखाणांपैकी एक.

पौल निघून गेल्यावर तिथे दुसरे शिक्षक आले. ताई, हे नीट लक्षात घ्या: त्यांच्यापैकी कोणीही "ख्रिस्ताला सोडा" असं म्हणत नव्हतं. ते म्हणत होते, ख्रिस्तावर विश्वास ठेवलात, फार चांगलं केलंत, आता सुंता करून घ्या, सणवार आणि महिने पाळा, म्हणजे यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याची पक्की संतान व्हाल. आणि त्यांच्या हातात शास्त्र होतं. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देवाने अब्राहामाला सुंतेची आज्ञा दिलेली आहेच की! त्यामुळे साध्यासुध्या विश्वासणाऱ्याला त्यांच्यापुढे बोलता येईना. तुमच्याही बाबतीत तसंच झालंय. दशांश न देणाऱ्यांना शाप सांगणारा मलाखीचा तिसरा अध्याय उघडून कोणी समोर धरला की आपली बोलती बंद होते.

पौलाने काय केलं? त्याची इतर पत्रं उघडून पाहा. नमस्कार झाला की तो बहुतेक वेळा वाचणाऱ्यांसाठी देवाचे आभार मानतो. करिंथची मंडळी भांडणांनी पोखरलेली होती, तिथेही मानतो. गलतीकरांसाठी मात्र आभाराची ओळ नाही. सहाव्या वचनातच तो म्हणतो की तुम्ही इतक्या लवकर वेगळ्याच सुवार्तेकडे वळताय याचं मला नवल वाटतं. दुसऱ्या कोणत्याही मंडळीशी तो इतकं कडक बोललेला नाही. कारण त्याच्या मते हा पापाचा प्रश्न नव्हता, पाया उखडण्याचा होता. ख्रिस्त अधिक काहीतरी, असं एकदा म्हटलं की सगळा भार त्या "काहीतरी"वर येतो. तुमचंच बघा ना. दोन दिवस झोप उडते ती ख्रिस्त मेला आणि उठला की नाही या काळजीने उडत नाही, शुक्रवार चुकला म्हणून उडते.

मुलाच्या आजाराबद्दल इथेच सांगतो, कारण याच पत्रात त्याचं उत्तर आहे. चौथ्या अध्यायाच्या तेराव्या-चौदाव्या वचनांत पौल आठवण करून देतो की मी तुमच्याकडे पहिल्यांदा सुवार्ता सांगितली ती शरीराच्या आजारपणामुळे. म्हणजे प्रेषित आजारी होता, त्या आजारपणानेच तो तिथे थांबला, आणि त्या आजारी माणसाकडून गलतीकरांनी सुवार्ता ऐकली. त्यांनी त्याला तुच्छ लेखलं नाही, देवदूतासारखं घरात घेतलं. आजार म्हणजे अडलेला आशीर्वाद असता, तर गलतीयाची मंडळी जन्मालाच आली नसती. लेकरासाठी प्रार्थना करा, आम्हीही करू, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नका. "तुझ्या विश्वासात खोट आहे म्हणून पोर आजारी" हे एखाद्या आईला सांगणं क्रूर आहे, आणि ते शास्त्राला धरूनही नाही.

दशांशाचंही इथेच उरकतो. मलाखीतला शाप दाखवून जे घाबरवतात त्यांनी गलती ३:१३ त्याच्या शेजारी ठेवून वाचावं: ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या (मोशेच्या नियमांच्या) शापातून खंडणी भरून सोडवलं, तो आपल्यासाठी शाप झाला. शापातून सुटलेल्या माणसाला पुन्हा त्याच शापाची भीती घालायची नसते. द्यायचं जरूर, मंडळीचं काम आणि गोरगरिबांची मदत त्यावरच चालते. पण दुसऱ्या करिंथकरांस पत्रात पौल सांगतो तसं, ज्याने त्याने मनात ठरवलं तेवढं, रडत नाही, बळजबरीने नाही.

आता या पत्रातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग, दुसऱ्या अध्यायातला. सिरियातलं अंत्युखिया (वर सांगितलेलं पिसिदियातलं नव्हे) हे मोठं शहर होतं. तिथल्या मंडळीत यहूदी आणि ग्रीक दोन्ही होते, आणि शिष्यांना "ख्रिस्ती" हे नाव पहिल्यांदा पडलं ते याच गावात. प्रभुभोजन तेव्हा आजच्यासारखं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट एवढंच नव्हतं. घरात जमून खरोखरीचं जेवण व्हायचं. सुंता झालेला आणि न झालेला एकाच पंगतीला. येशूचा शिष्य, प्रेषित पेत्र तिथे आला आणि त्यांच्यात मिसळून जेवू लागला. मग यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली. त्यांच्या भीतीने पेत्र मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले. शेवटी बर्णबासुद्धा उठला, तोच बर्णबा ज्याने पौलाबरोबर विदेश्यांमध्ये (यहूदी नसलेल्यांमध्ये) फिरून मंडळ्या उभ्या केल्या होत्या.

पेत्राने चुकीचा उपदेश केला नव्हता. कृपेविरुद्ध एक अक्षर तो बोलला नव्हता. त्याने फक्त बसायची जागा बदलली. पण उरलेल्या ग्रीक विश्वासणाऱ्यांच्या जागी स्वतःला बसवून बघा. काल ज्या प्रेषिताने आपल्याबरोबर भाकरी मोडली, तो आज पलीकडच्या पंगतीत पाठ करून बसलाय. त्यांना काय कळलं असेल? देवाने तुम्हाला घेतलं खरं, पण आमच्या बरोबरीला बसायचं तर आधी आमच्यासारखे व्हा. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर सांगितलं की हे वागणं सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. आणि मग त्याच दमात ते वाक्य येतं ज्यावर सगळं पत्र उभं आहे: माणूस नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातल्या कर्मांनी नाही, येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने. हा एवढा मोठा सिद्धांत पौलाने मांडला तो जेवणाच्या पंगतीवरून, हे मी शिकवताना कधी सोडत नाही.

पेत्राला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. कोणालाही अशुद्ध म्हणू नये असा दृष्टांत यापोत गच्चीवर पाहून तो कैसरियाला कर्नेल्य या विदेशी सैनिकी अधिकाऱ्याच्या घरी गेला होता. तो घसरला तो माणसांच्या भीतीने. तुमचंही मला तसंच दिसतंय, ताई. येशूने तुमचं तारण केलं याबद्दल तुमच्या पत्रात कुठेही शंका नाही. भीती आहे ती सहभागितेतल्या बायका काय म्हणतील याची.

हा प्रसंग आपल्या मंडळ्यांना कुठे लागू पडतो ते न सांगता पुढे गेलो तर मीही पेत्रासारखा गप्प उठून गेलो असं होईल. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत आजही लग्नाची बोलणी सुरू झाली की हळूच विचारतात, "मूळचे कोण?" तीन-चार पिढ्यांपूर्वी आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नातवाच्या वेळी जात पुन्हा बैठकीत येऊन बसते. प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून पितो आणि सोयरिकीच्या वेळी जागा बदलून बसतो. दक्षिणेत तामिळ मंडळ्यांतून जातवार वेगळं बसण्याची चाल इतकी रुजली होती की १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना ती मोडण्याचं फर्मान काढावं लागलं, आणि त्यावरून मंडळ्या फुटल्या. टिकली काढली की नाही हे तपासणारे वडीलजन हे तपासतात का? गलती ३:२८ मध्ये यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे सगळे ख्रिस्तात एक आहेत असं लिहिलंय, आणि आपण ते वचन कॅलेंडरवर छापतो. (अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधवांना सवलती मिळत नाहीत, हा अन्याय वेगळा आणि मोठा आहे, त्यासाठी लढायलाच हवं. पण बाहेर न्याय मागताना घरातली पंगतही सरळ हवी.)

आता तीत आणि तीमथ्य. तुमच्या मंगळसूत्राचा निकाल या दोघांत आहे.

पौल यरुशलेमला गेला तेव्हा बरोबर तीताला घेऊन गेला. तीत ग्रीक, सुंता न झालेला. काही जणांनी आग्रह धरला की याची सुंता झालीच पाहिजे. पौल लिहितो की आम्ही घटकाभरही त्यांना वश झालो नाही, कारण सुवार्तेचं सत्य तुमच्याजवळ कायम राहायला हवं होतं. पुढे प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय: तोच पौल लुस्त्रात येतो, म्हणजे गलतीयातच. तिथे तीमथ्य भेटतो, आई यहूदी, बाप ग्रीक. पौलाला त्याला बरोबर न्यायचं होतं, आणि त्या भागातल्या यहूद्यांमुळे त्याने तीमथ्याची सुंता केली. हे कधी? यरुशलेमच्या परिषदेने विदेश्यांना सुंतेची गरज नाही असा निर्णय दिल्यानंतर लगेच! तोच प्रेषित, तीच सुंता, एकाला ठाम नकार आणि दुसऱ्याला होकार.

पौल गडबडला नव्हता. तीताच्या वेळी सुंता ही देवाच्या घरात शिरायची अट म्हणून मागितली जात होती. तीमथ्याच्या वेळी ती कोणी तारणाची अट म्हणून घातलेली नव्हती. सभास्थानात जाऊन यहूदी बांधवांना सुवार्ता सांगता यावी म्हणून तीमथ्याने स्वतःच्या अंगावर सोसलेली गोष्ट होती. म्हणूनच पाचव्या अध्यायात पौल लिहू शकतो की ख्रिस्त येशूमध्ये सुंता झाली काय, न झाली काय, त्यात काही नाही, प्रेमाच्या द्वारे कार्य करणारा विश्वास हेच काय ते. सुंता न करण्यातही फुशारकी नको, हे त्यात आलंच.

तर मंगळसूत्र. आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत बायका मंगळसूत्र घालतात. त्यात क्रूस ओवलेला असतो, कधी नसतो. ती विवाहाची खूण म्हणून घातली जाते. तुमच्या सासूबाईंना ते काढल्याने त्यांच्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या, जिवावर काही येईल अशी भीती वाटत असेल, आणि त्यांचं मन राखण्यासाठी तुम्ही ते घालत असाल, तर निःशंक घाला. उद्या तुमच्याच मनाला ते खटकू लागलं, तर नवऱ्याशी बोलून काढून ठेवा, आणि न काढणाऱ्या बहिणीला नावं ठेवू नका. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच विषयावर आहे. पण "हे काढल्याशिवाय देव तुझं ऐकणार नाही" असं कोणी म्हणालं, की तिथे तीत आठवा. त्या दिवशी ते काढणं म्हणजे सुवार्तेवर पाणी सोडणं. टिकलीचंही तेच.

उपास चांगला आहे. मीही धरतो. फक्त तो कशासाठी धरतो ते पाहा. मागे एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. तिथल्या भावांनी आतून एक लांब, कापडी बांधणीची वही आणली, किराणा दुकानात उधारीला असते तशी. पट्टीने रकाने आखलेले: पहाटेची प्रार्थना, अध्याय, उपास, साक्ष. झालेल्याला निळी खूण, राहिलेल्याला लाल शून्य. मार्च महिना जवळजवळ सगळा लाल होता. त्या महिन्यात त्यांची बायको रुग्णालयात होती. रात्र रात्र तिच्या उशाशी बसून काढली, तिला भरवलं, तिचे कपडे धुतले, आणि या सगळ्याला वहीत रकानाच नव्हता. "त्या महिन्यात मी देवापासून फार लांब गेलो होतो, पाळकसाहेब," असं ते मला अगदी मनापासून सांगत होते. मी त्यांना सहाव्या अध्यायाचं दुसरं वचन काढून दिलं, एकमेकांची ओझी वाहा म्हणजे ख्रिस्ताचा नियम पूर्ण कराल, आणि विचारलं की मार्च महिन्यात याहून वेगळं काय केलंत तुम्ही? बराच वेळ ते वहीकडे बघत राहिले. प्रार्थना आणि वाचन त्यांनी सोडलं नाही, सोडायचंही नव्हतं. वही तेवढी बंद केली.

तुमचा दुसरा प्रश्न, मी कोण. चौथ्या अध्यायात पौल दत्तकपणाबद्दल बोलतो. आपल्याकडे दत्तक म्हटलं की तान्हं मूल डोळ्यांपुढे येतं. रोमी लोकांत मोठ्या माणसालाही दत्तक घेत, वारसा चालवण्यासाठी. खुद्द औगुस्त हा यूल्य कैसराच्या (ज्युलियस सीझरच्या) मृत्युपत्राने त्याचा मुलगा झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता; आणि इसवी सन ४ मध्ये त्याने तिबिर्याला (पुढचा सम्राट टायबेरियस) दत्तक घेतलं तेव्हा तिबिर्याने चाळिशी ओलांडली होती. औगुस्ताने स्वतःच्या पराक्रमांची जी जंत्री लिहवून घेतली होती ती गलतीया प्रांतात दगडांवर कोरली गेली; अंकारातल्या मंदिराच्या भिंतींवर ती आजही आहे, आणि पिसिदियातल्या अंत्युखियातही तिचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे मोठ्या माणसाला दत्तक घेतल्यावर तो पूर्ण मुलगा होतो, नाव आणि वारसा सगळं त्याचं होतं, हे या पत्राच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नव्हती. साम्राज्यच अशा मुलाच्या हाती गेलेलं त्यांनी पाहिलं होतं.

त्या लोकांना पौल सांगतो की देवाने तुम्हाला असं पुत्रपण दिलंय. तुमच्यापैकी जो दास आहे त्यालाही, जी स्त्री आहे तिलाही. रोमी घरात दासाला वारसा नसे, आणि दत्तक घ्यायचे ते बहुतेक मुलगेच. इथे मात्र दासीसुद्धा वारस. आणि म्हणून देवाने आपल्या पुत्राचा आत्मा तुमच्या अंतःकरणात पाठवला, तो "अब्बा, बापा" अशी हाक मारतो. हा आत्मा उपास पुरे झाल्यावर मिळतो असं पौल म्हणत नाही. तुम्ही पुत्र आहात म्हणून पाठवला, असं म्हणतो. हा क्रम उलटा झाला की तुम्हाला वाटतं तसं वाटू लागतं, देव तोंड फिरवून बसलाय असं. पाप झालं तर कबूल करा, बापाकडे येऊन करा. ते लेकरू म्हणून कबूल करायचं असतं, हाकलून दिलेली नोकर म्हणून नाही.

पण मग आधीची ओळख पुसली का? नाही. तीत ग्रीकच राहिला. पौल शेवटपर्यंत यहूदी राहिला. आठव्या दिवशी सुंता, बन्यामीनाचा वंश, परूशी, हे सगळं फिलिप्पैकरांस पत्रात तो मोजून दाखवतो आणि म्हणतो की ख्रिस्तापुढे मी हे केरकचरा लेखतो. ते नाहीसं झालं नव्हतं, पण आता तो त्याच्या जिवावर देवापुढे उभा राहत नव्हता. आईला तुम्ही हेच सांगू शकता. तुम्ही तिची लेक आहात, मराठी आहात, तिच्या हातची चव तुमच्या हातात आहे, आणि यातलं काहीच सोडायला येशूने सांगितलेलं नाही. उलट आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आता तुमच्यावर जास्त बंधनकारक आहे. परदेशी माणसासारखं व्हावं असं तर त्याने मुळीच मागितलेलं नाही. गलतीयाच्या ग्रीकांना यहूदी व्हायची गरज नव्हती, तशी आपल्याला विलायती व्हायची नाही.

पंडिता रमाबाईंनी हे आपल्या आयुष्यात भांडून मिळवलं. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. लगेच तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडू लागले. बाई शाकाहारीच राहिल्या, आणि न पटलेलं मत केवळ मंडळी सांगते म्हणून मान्य करायला त्यांनी नकार दिला. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी त्या धर्मभगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवलं की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. जुवाचा हा शब्द गलती ५:१ मधलाच आहे. पण माझ्या मते त्यांची पुढची गोष्ट याहून मोठी. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. एवढी विद्वान बाई, शास्त्रं कोळून प्यालेली, आणि तिला हे कबूल करावं लागलं की धर्म स्वीकारणं, चांगली कामं करणं, बाप्तिस्मा घेणं यांत तारण नाही. पापी म्हणून येशूजवळ यावं आणि तो देतो ते घ्यावं. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या साक्षीत हे लिहून ठेवलं. माणसांच्या जुवापासून सुटलेली बाईसुद्धा स्वतःच्या पुण्याईच्या जुवाखाली राहू शकते, हे त्यांच्याइतकं स्वच्छ मराठी मंडळीत कोणी सांगितलेलं मला ठाऊक नाही. आणि त्यानंतर हातावर हात ठेवून त्या बसल्या का? केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यानंतर. दुष्काळातल्या बायका-मुली त्यांनी उचलून आणल्या, आणि अगदी शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं तर तुम्ही गाऊनच जाणता. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मंडळीला अभंग दिले, भजनं दिली. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो असं सांगायला त्यांना संकोच वाटला नाही.

गणपतीत माहेरी जाऊ का, असंही तुम्ही विचारलंय. जा. आईला भेटा, भावाच्या मुलांना घ्या, स्वयंपाकघरात हात लावा. पूजा-आरतीत सामील होऊ नका, कारण पहिल्या करिंथकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल तिथे रेघ ओढतो, प्रभूचं मेज आणि दुसरं मेज अशा दोन्हींत भागी होता येत नाही. पण त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो की कोणी जेवायला बोलावलं तर पानात येईल ते चौकशी न करता खा. अमुक नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याकरता खाऊ नका. मी स्वतः प्रसाद हातावर ठेवू लागले तर हात जोडून "माझ्याकडून नको, पण तुमचा सण आनंदाचा होवो" एवढंच म्हणतो. नाक मुरडत नाही, तिथे वादही काढत नाही. मंडळीतल्या काहींना हे फार सैल वाटतं, काहींना फार कडक. माझं मत मी सांगितलं. तुम्ही वचन वाचून, नवऱ्याशी बोलून ठरवा.

एक धोका मात्र उलट बाजूचा आहे, तो पौलानेच सांगितलाय. स्वतंत्र झालात, पण ते स्वातंत्र्य देहस्वभावाला मोकळं रान म्हणून वापरू नका, प्रेमाने एकमेकांची सेवा करा (५:१३). पुढे देहाच्या कर्मांची यादी आहे. तिची सुरुवात जारकर्माने होते, म्हणून आपण बाकीची यादी नीट वाचत नाही. तिच्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, हेवा यांचा आहे. उपदेशकाची चूक सापडली म्हणून तुम्ही आता चार बहिणींना जमवून वेगळा तट काढलात, तर गलतीकरांस पत्र जिंकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणून असं करा. या आठवड्यात पत्र एका बैठकीत, मोठ्याने वाचा. सहा अध्याय आहेत, अर्ध्या तासाच्या आत होतात. नवऱ्याला जवळ बसवा. मग सहभागितेच्या वडीलजनांना एकट्याने नको, दोघं मिळून भेटा. दुसऱ्या अध्यायातलं तीताचं वचन समोर ठेवा आणि नम्रपणे एवढंच विचारा: "मी हे दागिने काढले नाहीत तर ख्रिस्तात माझं काही कमी आहे असं तुम्ही मानता का?" कमी नाही, फक्त साक्षीसाठी सुचवतो, असं ते म्हणाले, तर त्यांच्याबरोबर राहा, त्यांचा मान राखा, आणि कदाचित एखादी गोष्ट त्यांच्यासाठी सोडूनही द्या. कमी आहे असं म्हणाले, तर कोणाला न दुखावता दुसरी मंडळी बघा, जिथे सुवार्ता पुरी सांगतात. तुमच्या गावाजवळ कोणत्या आहेत ते मी शोधून कळवतो.